पाठकोऱ्या कागदावरचे अकरा हजार सहाशे चौऱ्याऐंशी

मी, कामगार खात्याच्या आकडेवारी शाखेतून निवृत्त झालेली सहायक, वय वर्षे एकाहत्तर, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस या घरात आहे, तो म्हणजे माझा नवरा, आणि तो सध्या शेजाऱ्यांच्या गजराच्या घड्याळात डोके घालून बसला आहे. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या जोडपत्रात दिले आहेत. इथे मी माणसांना रोजच्या हाकेने लिहिते, नाहीतर कोणाबद्दल काय चालले आहे ते माझे मलाच कळायचे नाही.

१. राहते घर माझ्या नावे आहे. माझ्या मागे ते नवऱ्याकडे व त्याच्यानंतर मुलीकडे जाईल. नवरा घड्याळजी आहे. घरात सात घड्याळे आहेत आणि सातही वेगवेगळी वेळ दाखवतात. मुलीने बाबा हयात असेपर्यंत त्यांतले एकही बाहेर नेऊन दुरुस्त करून आणू नये. त्यांचा जीव त्यातच रमतो.

आमची गाठ कशी पडली तेही इथेच नोंदवते, म्हणजे मुलीला आत्याकडून भलतेसलते ऐकावे लागणार नाही. आमच्या शाखेत मंजूर पदे चौदा आणि प्रत्यक्ष कामाला माणसे तीन. पण मंत्री सभागृहात दरवर्षी ठासून सांगत, "एकही पद रिक्त नाही." म्हणून तपासणीच्या दिवशी साहेब शेजारच्या खात्यातून माणसे उसनी आणून खुर्च्यांवर बसवत. एका वर्षी एक माणूस कमी पडला. तेव्हा भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला आलेल्या घड्याळजीलाच शिडीवरून उतरवून माझ्या शेजारी बसवले. तपासनिसांनी विचारले, "तुमच्याकडे कोणतं काम?" हा शांतपणे म्हणाला, "वेळेचं." तपासनीस खूश! मी हसू दाबता दाबता उचकी लागून बाहेर पळाले. सहा महिन्यांनी लग्न झाले.

२. बोटाने दाबायचे माझे मोजणीचे यंत्र मुलीला द्यावे. ती शाळेत शिकवते आणि मागच्या सहलीत एक विद्यार्थिनी बसस्थानकावर विसरून आली होती.

३. सायकल धाकट्या बहिणीला. ती तिने नऊ वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेली आहे, तेव्हा आता कायद्यानेही तिचीच. हवा भरायचा पंप मात्र मुलीकडे राहील. धाकटीला आळस फार, पण चाकातली हवा गेली की तरी भाचीकडे येईल.

४. बँकेत जे काही असेल ते नवरा व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. त्यातून आधी दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदांचे एक रीम विकत घेऊन माझ्या तेव्हाच्या साहेबांना घरपोच करावे. ते अजून ठणठणीत आहेत, असे ऐकते. कारण पुढच्या कलमात आहे.

५. कपाटात, स्वेटरांच्या खाली, एक पाकीट आहे. त्यात एकच कागद आहे. तो मी समोरच्या रस्त्यावर कपडे अल्टर करून देणाऱ्या जावकला देत आहे. ती तरुणपणी आमच्या शाखेत रोजंदारीवर जावक लिपिक होती, म्हणजे बाहेर जाणारी पत्रे नोंदवून, पाकिटात घालून पाठवायची. नाव तेव्हापासून चिकटले ते चिकटलेच.

बाहेरगावाहून पोटासाठी आलेले किती मजूर जिल्ह्यात आहेत, ते दरवर्षी सरकारला कळवणे हे आमचे मुख्य काम. मोजायला माणसे कुठे होती? गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी वाढ धरायची आणि वर पाठवायचे, की झाले काम. असे करत करत आकडा चार हजार दोनशे दहावर आला होता. माझ्या डोळ्यांना तर एकेका वीटभट्टीवर चारशे माणसे दिसत होती. शेवटी मीच सायकल काढली आणि नऊ रविवार भट्ट्या, बांधकामे आणि बाजारातले हमाल मोजत फिरले. अकरा हजार सहाशे चौऱ्याऐंशी. साहेबांनी शेरा मारला, 'मागील वर्षाशी जुळत नाही, सुधारावे.' मी सुधारला. खरा तक्ता रद्दीत गेला.

रद्दी म्हणजे काय, तर साहेबांची काटकसर! टंकलेल्या कागदाची मागची कोरी बाजू वापरल्याशिवाय नवा कागद मिळत नसे. पुढच्याच आठवड्यात एका वार्ताहर बाईंनी मजुरांचा खरा आकडा मागितला. मी ट्रेमधला वरचा पाठकोरा कागद ओढला, 'मागितलेली माहिती उपलब्ध नाही' असे टंकले, साहेबांकरिता सही ठोकली आणि जावककडे दिला. तो कागद उलटून बघावा, एवढीही अक्कल मला सुचली नाही. मागे माझाच तक्ता होता, भट्टीनिहाय!

तक्ता वर्तमानपत्रात छापून आला. सभागृहात मंत्र्यांची भंबेरी उडाली, खरा आकडा मान्य करावा लागला, पाच रिकाम्या खुर्च्यांवर खरी माणसे आली. आणि चौकशी बसली. वार्ताहर बाईंनी पत्र काही दाखवले नाही, म्हणून सहीची बाजू कोणीच पाहिली नाही. तिघांपैकी एक रजेवर, मी जुनी, राहिली जावक. तिचा बाप बाहेरगावाहून आलेला भट्टीमजूर. साहेब म्हणाले, "बाहेरचे बाहेरच्यांचीच बाजू घेणार." तिला काढले आणि कागदोपत्री लिहिले, 'गोपनीय माहिती फोडली.' मला सगळे कळले होते. तरी मी मूग गिळून बसले. पदरात तीन वर्षांची मुलगी होती, हे कारण खरे आहे. मी भित्री होते, हे जास्त खरे आहे.

निवृत्तीच्या दिवशी वार्ताहर बाईंनी तो कागद मला परत आणून दिला. माझ्या मृत्यूनंतर जावकने तो खात्यात दाखवून आपले नाव साफ करून घ्यावे. मेलेल्या बाईची पेन्शन कोण बंद करणार!

६. (दुपारी चार वाजता वाढवलेले.) साक्षीदार म्हणून शेजारच्या दातांच्या डॉक्टर आणि जावक यांना बोलावले होते. जावकला सही खाली करायची आहे, वरचे वाचायचे काही कारण नाही, असा माझा डाव होता. पण ती म्हणाली, "ताई, वाचल्याशिवाय सही केली की काय होतं, ते तुमच्याकडेच शिकले." आणि चष्मा लावून बसली. पाचवे कलम तिने दोनदा वाचले.

तिने कागद खाली ठेवला. "मला माहीत होतं," म्हणाली. "घडी घालताना मागची बाजू दिसली. आमच्या भट्टीसमोर तुम्ही दोनशे सदतीस लिहिले होते. त्यात माझे अण्णा होते. पत्र परत द्यायला उठलेसुद्धा, पण मग बसले आणि पाकीट चिकटवलं."

"मग चौकशीत माझं नाव का नाही घेतलंस?"

"एकीची नोकरी जाणारच होती. दोघींची कशाला? राग आला होता, नाही कशाला म्हणू. दोन वर्षं तुमच्या गल्लीतून गेले नाही."

मी ढसाढसा रडले. डॉक्टरबाईंनी पर्समधून कापूस काढून दिला. त्यांच्याकडे दुसरे काही नसतेच. मग आम्ही तिघी हसलो. जावक म्हणाली, "तुम्ही मेल्यावर मी तो कागद घेऊन एकटीच खात्यात जाऊ? तेव्हा गेले होते की एकटी."

म्हणून पाचवे कलम मी पूर्ण शुद्धीवर रद्द करीत आहे. उद्या खाते उघडले की आम्ही दोघी तो कागद घेऊन जाऊ. सही माझी होती, हे मी लिहून देईन. पाहून पाठवला, हे ती लिहून देईल. तिच्या नावावरचा शेरा निघेल तेव्हा निघेल, निम्मा तरी माझ्या नावावर यायलाच हवा. पेन्शनला हात लावला, तर नवरा घड्याळे दुरुस्त करील. प्रयत्न तरी करील.

पाचवे कलम गेल्याने जावकला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्यामुळे तिची साक्ष कायद्याला धरून आहे.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त सहायक, आकडेवारी शाखा

साक्षीदार पहिल्या: (सही) शेजारच्या दातांच्या डॉक्टर

साक्षीदार दुसरी: (सही) जावक लिपिक, आकडेवारी शाखा. उद्या सकाळी अकराला हजर.