शुक्रवार दुपारच्या ओव्हर्स

अल कुसैस, २००३

प्रिय नंदनदादा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं.

आमच्या कंपनीच्या क्रिकेट टीमचा फास्ट बोलर विघ्नेश, मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पमधला इलेक्ट्रिशियन. त्याने टाकलेला प्रत्येक बॉल मी कॉम्प्युटरवर नोंदवायचे, दर शनिवारी त्याची पाठ तपासायचे. फिजिओ म्हणून तेच माझं काम. आकडे म्हणायचे, सगळं ठीक आहे. पाठ मात्र दुखतच राहिली आणि मी वेड्यासारखी कारण शोधत बसले.

एमआरआय आला तेव्हा त्याने कबूल केलं. कारण तू होतास! शुक्रवारी सकाळी कंपनीची मॅच संपली की दुपारी तू त्याला शारजाला न्यायचास आणि तुमच्या मराठी मंडळाच्या टीममधून दुसऱ्याच्या नावावर खेळवायचास. वर बजावायचास, "समिधाला बोलू नकोस, उगाच खेळ बंद करेल." तो तुला साहेब म्हणतो. नाही कसं म्हणणार?

मणक्याला फ्रॅक्चर आहे. शिडी चढता येत नाही म्हणून व्हिसा कॅन्सल, खलास. निरोपाला मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. शाल! पाठ मोडलेल्या माणसाच्या पाठीवर!

आणि काल तुझा फोन: "टेनिस खेळून अस्मीचा खांदा दुखतोय गं. तुझ्या त्या आकड्यांचं तिच्यासाठीही कर ना. पोरीला जपायला हवं."

करते. उद्या तुझ्याकडेच जेवायला यायचंय, म्हणून हे पत्र पर्समध्येच राहील. वाढता वाढता वहिनीसमोर एवढंच विचारीन: दादा, हिचे आकडे तरी खरे सांगशील ना?

नाइलाजाने तुझीच बहीण,
समिधा