घोड्याच्या घरातलं प्यादं

सोलापूर,
मंगळवार दुपार

प्रिय पंचू,

तुझा फोन लागेना, मेसेजपुढं एकच टिक दिसतीय, म्हणून शेवटी कागद घेतला. राखीच्या पाकिटावर लिहून लिहून हॅम्बुर्गचा तुझा पत्ता पाठ झालाय. दर रविवारी न चुकता फोन करणारा माणूस असा गप्प कसा बसतो रे? आधी वाटलं, कामात असशील. मग वाटलं, फोन चोरीला गेला असेल. रोज सकाळी मनाला नवीन कारण देते आणि ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. घाबरलेय मी, खरं सांगते. त्यात घरात एक गोष्ट घडलीय, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायची नाही.

झटका आल्यापासून अप्पांना विसरायला होतं, हे तुला माहीतच आहे. तुमचं बापलेकाचं भांडण ते साफ विसरले, बुद्धिबळ तेवढं विसरले नाहीत. जेवण झालं की रोज एकच, पंचूला बोलव. कुठून बोलवू? शेवटी माळ्यावरून तुझा कॉलेजातला लॅपटॉप काढला, तू लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम सुरू केला आणि दिलं ठोकून, की पंचू तिकडून खेळतोय. पटलं त्यांना. पडद्यावरची चाल मी पटावर करायची, त्यांची चाल पडद्यावर टाकायची, दोघांमधली हमाल मी. लॅपटॉपला इंटरनेट नाही, काही नाही. पण जिंकले की अप्पा खूश. पोरगं हुशार हाय पण घाई लई, म्हणायचे.

गच्चीवर शेंगा खात तू मला समजावलं होतंस, यंत्र चाल कशी शोधतं ते. आपली एक चाल, तिच्यावर समोरच्याची प्रत्येक चाल, त्या प्रत्येकीवर पुन्हा आपली. फांद्याच फांद्या. सगळ्या बघत बसलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून बिनकामाची वाटली ती फांदी छाटायची, द्राक्षाची छाटणी करतात तशी. मात्र जिथं शह आहे, मारामारी आहे, तिथं मध्येच थांबायचं नाही, सगळं शांत होईपर्यंत बघत जायचं. डाव संपत आला की मोहरे थोडे उरतात, मग यंत्राला लांबचं दिसतं. मी विचारलं, एवढं दिसतं तर हरतं कशाला? तू म्हणालास, छाटलेल्या फांदीवरच फळ असलं तर ते यंत्राला कधीच दिसत नाही.

आणि एक फांदी तू रागानं छाटली होतीस. अप्पांचा खेळ जुन्या देशी पद्धतीचा. प्यादं शेवटच्या ओळीत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तोच मोहरा व्हायचं. घोड्याच्या घरात गेलं की घोडा. मोडनिंबला शाळांच्या स्पर्धेत तू तसंच केलंस, हातात आलेला वजीर सोडून घोडा मागितलास. सगळा हॉल खदाखदा हसला आणि जिंकलेला डाव तू हरलास. पुढं प्रोग्रॅम लिहिताना तू ती चाल ठेवलीच नाहीस. प्यादं पोचलं की वजीर, दुसरं बघायचंच नाही. घर सोडून जाताना दारात उभा राहून अप्पांना म्हणाला होतास, मेलो तरी घोडा करणार नाही. आठवतंय ना?

अप्पा काय कमी नाठाळ! जमेल तेव्हा डाव तिथंच आणून सोडायचे. यंत्राचं प्यादं घोड्याच्या घरात येऊ द्यायचे, तिथं घोडा केला तरच सुटका, वजीर केला की पुढच्याच चालीत मात. यंत्र प्रत्येक वेळी फसायचं आणि अप्पा मांडीवर थाप मारायचे.

गुरुवारी दुपारी पुन्हा तसाच डाव पडला. एरवी यंत्र तिथं झटकन वजीर करून मोकळं होतं. त्या दिवशी ते थांबलं. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. किती चाली पुढचं बघितलं तो आकडा कोपऱ्यात वाढत गेला, मग तोही थांबला. आणि पडद्यावर घोडा आला. शह देऊन उभा. राजा हलवण्यावाचून अप्पांना इलाज नव्हता, आणि पुढच्या उडीत घोड्यानं त्यांचा वजीर खाल्ला. अप्पा हरले. त्यांनी चष्मा काढला, पडद्याकडं नाही, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाले, पंचू आला की गं, चहा टाक.

आमच्या बँकेतली बुद्धप्रिया कॉम्प्युटरमधली जाणकार आहे. तिच्याकडून सगळा प्रोग्रॅम तपासून घेतला. कुणी काही बदललेलं नाही. तिथं अजून वजीरच आहे, आणि शेजारी तू मराठीत लिहून ठेवलेली टीपही, अप्पांचा घोडा इथं चालणार नाही. ती म्हणाली, ताई, हा प्रोग्रॅम घोडा करूच शकत नाही, तुम्ही चुकून दुसरं काही बघितलं असेल. चुकून कसं? पटावर घोडा मीच ठेवला की माझ्या हातानं.

तेव्हापासून लॅपटॉप बंद आहे. अप्पा तो लाव म्हणत नाहीत. दुपारी पट मांडतात, रिकाम्या खुर्चीसमोर बसतात आणि हळूहळू बोलत खेळतात. दोन्हीकडच्या चाली तेच करत असतील. मी बघायला थांबत नाही. चहाचे दोन कप मागतात. दुसरा भरलेलाच परत येतो, तेवढाच मला धीर.

आत्ताही आतून ओरडले, कुणाला लिहितीस? पंचूला म्हटलं, तर हसायला लागले. त्याला कशाला पत्र, तो हितंच बसलाय की. पंचू, मला तुझ्याकडून काही नको. येणं जमलं तर ये, नाही जमलं तर राहू दे. भांडण ठेव हवं तर, जन्मभर ठेव. एक ओळ लिही, तुझ्या त्या किरट्या अक्षरात. मेलो तरी करणार नाही म्हणाला होतास ना? मग लवकर कळव रे, तो घोडा तू केला नाहीस.

तुझीच, टपालवाल्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
अक्षताअक्का