काकांचा आवाज

१२ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली हे तुम्हाला कळलंच आहे. आज नऊ दिवसांची झाली. डोळे थेट आपल्या घरातले, टपोरे. पण यांनी फोनवर जे सांगितलं नाही ते मी लिहिते. तिचा वरचा ओठ डाव्या बाजूने नाकापर्यंत दुभंगलेला आहे आणि टाळूलाही फट आहे. पाजलं की दूध नाकातून येतं. दोन घोट घेते आणि दमून झोपते. वजन वाढायचं सोडून घटलं.

डॉक्टर म्हणाले, बाळ पोटात असताना ओठ आणि टाळू पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुळतात, कधी कधी ते जुळत नाहीत, यात तुम्ही केलेलं काही नाही. मी मान डोलावली. तरी न्हाणीघरात दार लावून पुन्हा आठवत बसते, तेव्हा काय खाल्लं, काय उचललं, कुठली गोळी घेतली.

एक विचारते, रागावू नका. टाळू तशीच राहिली तर बोलणं नाकातून येतं, असं डॉक्टर सांगत होते आणि माझ्या कानात एकदम तुमचा आवाज आला. बाबा गेल्यापासून तुमच्या घरात वाढले मी. मिशीखालची खूण पायरीवरून पडल्याची, असं तुम्ही सांगायचात. खरंच पडला होतात का?

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मेमी

१९ फेब्रुवारी

चि. मेमीस,
अनेक आशीर्वाद. बाळालाही.

तुझं पत्र दुकानात तीनदा वाचलं. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे काटे उलटे बसवले, इतकं लक्ष उडालं.

पडलो ही थाप होती, पोरी. मी असाच जन्मलो. आईने मला कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजून जगवलं. ओठ शिवला तेव्हा आठ वर्षांचा होतो. टाळूचं कोणी काही सांगितलंच नाही. शाळेत मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा, मग मास्तरांनीच विचारायचं सोडलं. घड्याळं का दुरुस्त करतो माहीत आहे? भिंग डोळ्याला लावलं की माणसं गप्पा मारायला येत नाहीत.

तुझं नावही माझंच पाप. तुला सगळे बेबी म्हणायचे. माझ्या तोंडून ब निघेना, मेमी निघालं. तुझा बाप म्हणाला, हेच छान आहे, आणि अख्खं घर मेमी म्हणू लागलं. माझ्या बोलण्यावर न हसता कोणीतरी ते उचललं, असं एकदाच झालं. तुला खरं सांगायला हवं होतं. लाज वाटली. तुझी नव्हे, माझी.

आता ऐक. न्हाणीघरातला हिशेब बंद कर. डॉक्टरांना पाजण्याची रीत विचार, शंभर वेळा विचार. माझ्या आईला विचारायला कोणी नव्हतं, तुला आहे.

तुझा काका

९ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

ओठाची शस्त्रक्रिया झाली! आज दहावा दिवस, बाईसाहेब मजेत आहेत.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बसले. तिथल्या नर्सबाईंनी मऊ, दाबता येणारी बाटली दिली. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, तिच्या गिळण्याच्या तालावर हळूच दाबायचं, मध्ये थांबून ढेकर काढायची. पहिल्या दिवशी दूध बाळाच्या पोटात कमी आणि माझ्या साडीवर जास्त. तिसऱ्या आठवड्यात वजन वाढलं, तेव्हा त्या बाई आमच्यापेक्षा मोठ्याने हसल्या. सासूबाई प्रत्येक घोट कॅलेंडरमागे लिहून ठेवायच्या, कोणाला हात लावू देत नव्हत्या. जन्मभर पुरेल एवढं ऋण झालंय या दोघींचं.

एक वेडेपणा सांगते. तिला बाहेर आणलं तेव्हा ओठ जुळलेला, नाक सरळ, सगळे आनंदात, आणि मला रडू फुटलं. तिचं ते रुंद, दोन भागांतलं हसू गेलं होतं. कधी आवडायला लागलं होतं कळलंच नाही. शल्यविशारद बाई म्हणाल्या, बऱ्याच आयांचं असंच होतं.

टाळूचं वर्षाच्या आत करायचं ठरलंय. मग कान तपासायचे, बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं. आणि काका, शल्यविशारद बाईंना मी तुमच्याबद्दल विचारलं. या वयातही पुष्कळ काही करता येतं म्हणाल्या. रागावलात तरी चालेल.

तुमचीच,
मेमी

२६ एप्रिल

चि. मेमीस,
अनेक आशीर्वाद.

टाळू शिवून चार महिने झाले आणि परवा तिने स्पष्ट 'बाबा' म्हटलं, हे वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. डोळ्यांतून पाणी येत असताना केसाएवढी स्प्रिंग बसवता येत नाही.

रागावलो नव्हतो, घाबरलो होतो. दहा महिने घाबरलो. काल शेवटी इथल्या दवाखान्यात गेलो. दातांचे डॉक्टर टाळूला लावायची पट्टी करून देणार आहेत. आवाज किती सुधारेल ते लावल्यावरच कळेल म्हणतात. पण सांगायचं ते वेगळंच आहे.

बाकावर माझ्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, मांडीवर पंधरा दिवसांचं बाळ. तसाच ओठ. ती कोणाकडेच बघत नव्हती. मी बराच वेळ भिंतीकडे बघितलं. मग तिला सांगितलं की मीही असाच जन्मलो. तिला कळलं नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा कळलं, आणि तिने जे विचारायला सुरुवात केली! दूध कसं पाजायचं, बाटली कुठली, कधी शिवतात, मोठं झाल्यावर लोक काय म्हणतात. तुझ्या पत्रांतलं सगळं सांगितलं, माझंही सांगितलं. अर्धा शब्द अडला की ती थांबायची, मी परत म्हणायचो. अर्धा तास! आयुष्यात एका दमात इतकं बोललो नसेन.

मध्येच नर्सने माझा नंबर पुकारला. मी म्हटलं, पुढच्याला घ्या, माझं बोलणं संपलेलं नाही.

तुम्हा सर्वांवर जीव असलेला,
काका