घट्ट खिट्टी

ता. ६ जानेवारी

चि. खटपटीस,

आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं खोकं काल पोचलं. घड्याळवाल्यांनी कात्री घेऊन दोरी कापली, तेव्हा मी त्यांना बोलले. चांगली दोरी सोडवून ठेवायची असते, हे त्यांना या वयातही सांगावं लागतं.

आत बारा तुकडे निघाले. चार सरळ, सहा वाकडे, दोन चढाचे, आणि काडेपेटीएवढी एक लाल मोटार. माझी नात रस्ते बनवते असं मी जिन्यावर भेटेल त्याला सांगत होते. आता रस्ते खेळण्यातल्या मोटारींचे आहेत हेही सांगावं लागणार. असो, रस्ता तो रस्ताच.

तू लिहिलंस की एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालायची आणि टक् वाजेपर्यंत दाबायचं. आतली खिट्टी अडकली की रस्ता हातात उचलला तरी सुटत नाही. म्हाताऱ्या बोटांना हे जमतं का ते खरं खरं कळव म्हणालीस, कारण म्हाताऱ्या बोटांत आणि चार वर्षांच्या पोराच्या बोटांत जोर सारखाच. तर कळवते. बाराही तुकडे जोडले. बारा वेळा टक् झालं. टेबलावर छान गोल झाला. मोटार चढावर जरा धापा टाकते, तुझ्या आजोबांसारखी, पण पोचते. त्रास काही नाही. एकतीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात तासाला नव्वद पुठ्ठ्याची खोकी घडी घालून उभी केली या बोटांनी. तुझ्या खिट्टीला ती घाबरतात होय!

घड्याळवाले लिहिता लिहिता थांबून चष्म्यावरून माझ्याकडे बघतायत. मी त्यांना सांगितलं, मी बोलते ते लिहायचं, माझ्याकडे बघायचं नाही. शेजारी राहतात आणि अक्षर बरं आहे म्हणून त्यांना हे काम दिलंय. त्यांनी दुरुस्त केलेली घड्याळं चालतात की नाही, याची मला खात्री नाही. पण फोनवर अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू घाईत बोलतेस, म्हणून हे पत्रच बरं.

वेळेवर जेव. लोभ आहेच, कमीजास्त झाला तर जास्तच होऊ दे.

तुझी आजी


ता. १५ जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कचेरीतल्या सभेत मोठ्याने वाचून दाखवलं! धापा टाकणाऱ्या मोटारीला सगळे हसले. आणि नुसते हसले नाहीत, तुझ्या बारा टक्-मुळे निर्णय झाला.

झालं होतं असं. खिट्टीचे दोन प्रकार होते, एक सैल आणि एक घट्ट. साचे बनवणारे आमचे दादा सैल घ्या म्हणत होते. मला घट्ट हवी होती. घट्ट असली की मुलं रस्ता जमिनीवरून खुर्चीवर, खुर्चीवरून खिडकीत नेऊ शकतात, मध्ये तुटत नाही. दादांचं म्हणणं होतं की लहान हातांना जमणार नाही. मग मी तुझं पत्र काढलं. शहात्तर वर्षांच्या बाईला जमतं म्हटल्यावर त्यांनी सैल नमुना बाजूला सरकवला. पुढच्या महिन्यात पोलादाचा साचा खोदायला घेणार. हे माझं स्वतःचं पहिलं खेळणं आहे, आजी.

तुझी तब्येत? दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडलीस तेव्हा मला चार दिवसांनी कळवलंस. पुन्हा तसं लपवलंस तर सरळ बॅग भरून येईन, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. घड्याळवाल्या काकांना माझा नमस्कार सांग.

असाच लोभ कर, चूक झाली तर कान धर.

तुझी खटपटी


ता. २२ जानेवारी

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

बॅग भरायची भाषा आधी बंद कर. मी पडले तेव्हा पहिली नोकरी सोडून आलीस आणि आठ महिने माझ्या उशाशी बसलीस. ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. एका म्हातारीपायी किती नोकऱ्या घालवायच्या, याला काही गणती ठेव. मी ठणठणीत आहे.

सभेत वाचायचं होतं तर आधी सांगायचंस, जरा बरं बोलले असते. आणि एका म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यावर एवढ्या शिकलेल्या माणसांनी विश्वास ठेवावा म्हणजे कमाल आहे. दुसऱ्या कोणाला जोडायला दिलं नाही का?

एक सहज विचारते. पोलादाचा साचा एकदा खोदला की मग बदलता येतो का? घड्याळवाल्यांना कुतूहल आहे.

(मला कुतूहल नाही. — घड्याळवाले)

लोभ ठेव. उत्तर लवकर दे.

तुझी आजी


ता. ३० जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

काकांना सांग की साच्यात पोलाद कोरून पोकळी करतात आणि पोकळीत प्लास्टिक भरतं. पोकळी लहान राहिली तर आणखी कोरता येते. पण कोरून काढलेलं पोलाद परत जागेवर बसवता येत नाही. म्हणजे सैल खिट्टी पुढे मोठी करून घट्ट करता येते. घट्ट खिट्टी लहान करता येत नाही. दादा म्हणूनच सैलपासून सुरुवात करा म्हणत होते. १८ फेब्रुवारीला खिट्टीची जागा कोरायला घेतील.

तू विचारलंस म्हणून सांगते. नियमाप्रमाणे वीस मुलांकडून जोडून घ्यायचं असतं. नमुने कमी होते, दिवस कमी होते, आणि मुलं नाही म्हणाली तर काय, अशी धास्तीही होती. मी मुलांच्या जागी तुझं पत्र लावलं. तेव्हापासून साचेघरात गेले की दादांच्या नजरेला नजर देत नाही. पण तुला जमलं ना? मग झालं तर.

तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

तुझी खटपटी


ता. १३ फेब्रुवारी

चि. खटपटीस,

आशीर्वाद. वि. वि. हे की पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

तुझं मागचं पत्र घड्याळवाल्यांनी वाचून दाखवलं, घडी घातली, आणि म्हणाले की यापुढे मी एकच पत्र लिहीन, ते कोणतं हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं खुशाल बसा. खालच्या मजल्यावरची शिंपीण लिहून देईल. पण तिला सांगितलेलं पत्रात उतरायच्या आधी गच्चीपर्यंत पोचतं. सहा दिवस आम्ही एका जिन्यावर राहून बोललो नाही. अक्षर शिकले नाही याचं मला कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं, ते या सहा दिवसांत वाटलं. येत असतं तर आणखी एक खोटं पत्र स्वतःच खरडून मोकळी झाले असते. अर्थात, माझं वाकडं झालेलं अक्षर बघून तुला तेव्हाच कळलं असतं.

तर ऐक. तुझा एकही तुकडा मी जोडलेला नाही. सकाळी बसले ती दुपारपर्यंत दाबत होते. उजव्याने, डाव्याने, टेबलाच्या कडेवर ठेवून, मांडीत धरून. एकदाही टक् झालं नाही. ते बारा टक् घड्याळवाल्यांचे. त्यांनी माझी दया येऊन जोडून दिले आणि मी ते माझ्या नावावर लिहायला लावले. ते नको म्हणत होते. त्यांच्यावर रागावू नकोस.

नोव्हेंबरात एका सकाळी हातातून कप पडला. उचलायला वाकले तर उजव्या हाताची तीन बोटं ऐकेनात. डॉक्टर म्हणाले अर्धांगाचा लहानसा झटका आहे, यावर निभावलं हे नशीब. बाकी सगळं ठीक आहे. बटणं लागत नाहीत म्हणून शाल पांघरते, आणि लोकांना वाटतं म्हातारी थंडीला भ्यायली.

तुला का कळवलं नाही हे मी सांगायला नको. एकदा पडले ती तुझी नोकरी घेऊन पडले. आता हात गेल्याचं कळवलं तर ही दुसरीही जाणार, असं धरून चालले. खोट्याने तुझा रस्ताच बिघडेल हे डोक्यात आलं नाही. वाटलं, एवढ्या मोठ्या कचेरीत म्हातारीने हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, कोण विचारतंय. तू माझं पत्र सभेत वाचलंस हे ऐकलं तेव्हा मला आधी अभिमान वाटला. लाज त्याच्या मागून आली. हे मला राहून राहून टोचतं.

साचा थांबव. सगळं माझ्यावर ढकल. सांग की आजी खोटारडी निघाली. मला तिथे कोण ओळखतंय! पण बॅग भरू नकोस, एवढं ऐक.

घड्याळवाले दुकान बंद ठेवून हे जलद टपालाने टाकायला स्वतः निघालेत. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी आजी


ता. १९ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

पत्र १६ तारखेला सकाळी मिळालं. दोन दिवस हातात होते. तरी मी तासभर कोणालाच सांगितलं नाही. जिन्यात बसून राहिले, आणि न सांगितलं तर कोणाला कळेल याचा विचार करत होते. काका आणि तू सोडून कोणाला कळलं नसतं. हेही तुला माहीत असू दे.

मग साचेघरात गेले. दादांनी ऐकून घेतलं, यंत्राचं बटण बंद केलं, आणि खुर्ची पुढे सरकवली. आमच्या प्रमुख बाईंनी एवढंच विचारलं की किती मुलांनी जोडून पाहिलं होतं. मी म्हटलं, एकाही नाही. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलंसुद्धा नाही, आजी. तुझं खोटं एका पत्रापुरतं होतं. वीस मुलांच्या जागी ते मी बसवलं.

काल बालवाडीत गेले. वीसपैकी सोळा मुलांना जमलं नाही. एकाने दाताने दाबलं, एकीने टाचेने. एक मुलगा तुकडा माझ्या हातात परत देऊन म्हणाला की हा मोडका आहे. तो मोडका नव्हता.

खेळणं या हंगामात येणार नाही. खिट्टीचं काम दुसऱ्याकडे गेलं. मला नवे नमुने मुलांकडे घेऊन जायचं काम दिलंय, म्हणजे जे टाळलं तेच.

हात लपवलास म्हणून तुझ्यावर ओरडायला बसले होते. पण ओरडायचा हक्क मला नाही. आजी, ती पहिली नोकरी मी सोडली नव्हती. तू पडलीस त्याच्या तीन आठवडे आधीच त्यांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी खोलीत बसून होते, तुला कसं सांगावं सुचत नव्हतं. तू पडलीस आणि मला घरी यायला कारण मिळालं. तू सगळ्यांना सांगायचीस की नातीने माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं. मी शेजारी बसून ऐकायचे. लोक कौतुक करायचे, ते गोड लागायचं. उद्या सांगू म्हणत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांचं ओझं घेऊन तू तीन बोटं शालीखाली लपवलीस.

पुढे काय लिहू कळत नाही. खिट्टीचे तीन नवे नमुने पाठवते आहे, प्रत्येकाचे बारा तुकडे. लोभ उरला असला तर कळव.

तुझी खटपटी


ता. २४ मार्च

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. पहिल्या वेळी राग आला. दुसऱ्या वेळी एवढं हलकं वाटलं की मला माझीच लाज वाटली. नातीची नोकरी गेली होती आणि म्हातारी खूश, कारण ती तिच्यापायी गेली नव्हती. तिसऱ्या वेळी पुन्हा राग आला. चौथ्यांदा वाचा म्हटलं तर घड्याळवाल्यांनी घसा बसल्याचं सांगितलं.

तीन आठवडे एकटी खोलीत बसून होतीस, हे मला जास्त लागलं. मी रागावेन म्हणून नाही सांगितलंस. रागावले असते. मग जेवायला वाढलं असतं. एवढंच झालं असतं गं. तुझ्या त्यागाची गोष्ट मी पाचही मजल्यांना सांगून ठेवली आहे, ती परत घेत फिरायची ताकद माझ्यात नाही. लोकांत राहू दे. आपल्या तिघांत खरं झालं, पुरे.

आता नमुन्यांचं. या वेळी घड्याळवाल्यांना मी हात पाठीमागे धरून उभं केलं होतं. पहिला जमला नाही. दुसरा जमला नाही; त्याने नुसतंच आशेला लावलं. तिसरा डाव्या तळव्याने टेबलावर दाबला आणि टक् झालं. मी एकटीने केलं. मग सगळे बारा जोडले, दीड तास लागला, मध्ये दोनदा चहा झाला. मोटार फिरवली.

पण सुटत नाहीत. खूप ओढलं, एकही तुकडा सुटला नाही. घड्याळवाले पुढे झाले, त्यांना मी हात लावू दिला नाही. हे कचेरीत असंच वाच: म्हातारीला जोडता येतं, सोडवता येत नाही. पोरांचंही बघ, मोडून पुन्हा करता आलं नाही तर खेळणार काय?

दादांना सांग की त्यांचं ऐकायला हवं होतं, असं आजी म्हणते. आणि त्या मोडका म्हणणाऱ्या मुलाकडे आधी जा.

नोकरी सोडून आलीस तर मी दार उघडणार नाही. हे मी धमकी म्हणून सांगितलं होतं, पण आता खरं तेच लिहायचं ठरलंय म्हणून घड्याळवाल्यांना पुढचंही लिहा म्हटलं: दाराचं कुलूप हल्ली माझ्याने निघत नाही. सुट्टी घेऊन ये. खालूनच जोरात हाक मार, म्हणजे घड्याळवाले येऊन त्यांच्याकडच्या किल्लीने काढतील.

लोभ होता तेवढाच आहे, घासून गुळगुळीत झालाय इतकंच.

तुझी आजी