ह्यांची झारी

डिचोली, बुधवार, संध्याकाळ

आज दिनेशवर उगाच रागावले. पोराने माझ्या भल्यासाठीच केलं होतं. त्याच्या आइस्क्रीमच्या दुकानासमोर ह्यांनी लावलेलं गवत काढून त्याने प्लास्टिकचं हिरवं गवत घालून घेतलं. खनिजाच्या ट्रकांच्या धुळीने आणि गिऱ्हाइकांच्या चपलांनी जुनं मेलंच होतं, हे खरं. पण हे गेल्यापासून रोज संध्याकाळी ह्यांच्याच पत्र्याच्या झारीने मी त्याला पाणी घालत होते.

"आई, आता तुझा पाण्याचा त्रास सुटला मगे," तो हसत म्हणाला.

त्रास? मी त्याच्यावर ओरडलेच. त्याला काय सांगू, तेवढा अर्धा तास आम्ही दोघं असायचो.

गवताच्या गुंडाळीबरोबर आलेलं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. दुकानांच्या पाट्या बघून वाचायला शिकले, तरी एवढं कळतं. धूळ झाडा, जड वस्तू ओढू नका. पाण्याचं नाव नाही. मग झारी उचलली आणि मागच्या खोलीत ठेवायला निघाले.

गवताचे जोड चिकटवत बसलेला बेळगावचा बसाप्पा ओरडला, "मावशी, झारी कुठं नेतायसा? दुपारी हे तव्यागत तापतंय. पाणी मारलं न्हाई तर अनवाणी पोरांचे पाय भाजतील की!"

मी झारी दिनेशसमोर धरली. "बरं बाई, तूच जिंकलीस," तो म्हणाला.

झारी परत नळाखाली ठेवली आहे. उद्यापासून पाणी दुपारी. ह्यांची वेळ संध्याकाळची होती, पण पोरांसाठी म्हटल्यावर दुपारीही येतील.