प्रत्येक शब्दाला एक माणूस

आई, आज वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम, एवढे अवघड इंग्रजी शब्द तुमच्या लक्षात कसे राहतात? मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबले आणि हसतच सुटले. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना काय सांगू, की हे सगळं मी आपल्या कांदा साठवायच्या बराखीत पोत्यावर बसून शिकले आणि शिकवणारीला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

पुण्याच्या एमएच्या प्रवेश परीक्षेसाठी मी ते शब्दांचं जाडजूड पुस्तक आणलं तेव्हा बराखीतला कांदा निवडायचा पडला होता. अभ्यासासाठी घरात बसून राहायची चैन आपल्याकडं नव्हती. तू म्हणालीस, हात इकडं चालू दे, तोंड तिकडं. मग पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मी शब्द मोठ्यानं म्हणायचे, अर्थ सांगायचे, आणि तू कांद्यासारखीच शब्दांची निवड करायचीस. मोठा तो गोळा, लहान ती गोल्टी, डागी तो बदला. रोज कामाला येईल तो शब्द गोळा, सणावाराला लागेल तो गोल्टी, आणि नुसत्या परीक्षेपुरता असेल तो बदला. बदलाही फेकायचा नाही, घरच्या कालवणाला चालतो, असं तुझं म्हणणं. पण त्याआधी तुझा एक नियम होता आणि त्यातून कुठल्याच शब्दाला सूट नव्हती. ओळखीतला एखादा माणूस लावल्याशिवाय शब्द पाठ झाला असं तू मानायची नाहीस. माणूस नाही तर तो शब्द राहायचा कुठं, असं विचारायचीस. ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी, तो आण्णांना, ह्यावर चर्चासुद्धा झाली नाही. प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे धाकटे चुलते, ज्यांच्या न्हाणीघराला मी चौथीत असल्यापासून दार बसणार होतं. फ्रूगल आत्या, एकच चहापत्ती तीनदा उकळणारी. गॅर्युलस म्हणजे बडबड्या. त्याला तर इतके उमेदवार निघाले की शेवटी तो तू स्वतःलाच लावून घेतलास. भाकरी कडक झाली म्हणून आण्णांनी ताट सरकवलं, की तू माझ्याकडं बघून हळूच "ऑब्स्टिनेट" म्हणायचीस आणि दोघींना ठसका लागायचा. आण्णांना वाटायचं, कालवण तिखट झालंय.

एका शब्दाला मात्र माणूस सापडेना. इनडिस्पेन्सेबल, म्हणजे ज्याच्यावाचून अडतं असा. मी सरपंचांचं नाव सुचवलं, डेअरीवाल्याचं सुचवलं. ह्यांच्यावाचून कुणाचं अडतंय, म्हणत तू तो शब्द तसाच बाजूला ठेवलास.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि पारगावकडचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा शिकलेला, नोकरी पर्मनंट. आण्णांचं ठरलंच होतं. असं स्थळ हातचं सोडायचं नाही, परीक्षा काय, पुढच्या वर्षी पण येते. ते पुढचं वर्ष कधी येत नाही, हे मला आजूबाजूच्या पोरींकडं बघून ठाऊक होतं. मला बघून झालं आणि मी आत येऊन दाराआड उभी राहिले. पाहुण्यांतले थोरले म्हणत होते, शिकायचं ते लग्नानंतर शिकू दे, आमची ना नाही, फक्त तारीख आत्ताच धरू. आण्णांनी मान डोलावली. तू पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा करत होतीस. त्या खाली ठेवल्यास, पदर सारखा केलास आणि सरळ त्या थोरल्यांशीच बोललीस.

"भाऊ, आमची पोरगी इनडिस्पेन्सेबल हाय."

म्हणजे काय, असं थोरल्यांनी जरा बिचकतच विचारलं.

"म्हंजी तिच्यावाचून माजं अडतं. आत्ता तारीख न्हाई धरायची. तिची परीक्षा व्हऊ द्या, मग बगू."

पाहुणे चहा घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. आण्णांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना मुद्द्याचं विचारलं, पोरीवाचून अडतं म्हणतेस, मग तिला पुण्याला कशाला धाडतेस?

"अडलं तर माजं अडंल," तू म्हणालीस. "तुमी जेवा."

आणि अडलंच की. मी पुण्याला गेले ती दोन्ही वर्षं बराखीतला सगळा कांदा तू एकटीनं निवडलास. फोनवर कंबर दुखते असं एकदाही म्हणाली नाहीस. आज कुठला शब्द आला आणि तो कुणाला लावलास, एवढंच विचारायचीस. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. ओतूरच्या कॉलेजात मी आता पोरींकडून तेच करून घेते. प्राचार्यांच्या वाट्याला आतापर्यंत चार शब्द आलेत आणि त्यातले तीन त्यांच्या माघारीच म्हणायचे असतात. पोरी शब्दाला माणूस शोधायला लागल्या की वर्गात जो गोंगाट होतो, तो ऐकून मला फार आनंद होतो गं.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. तू तो शब्द म्हणालीस तेव्हा सगळ्यांचे चेहरे कोरे होते, फक्त तो मुलगा खाली बघून हसला. चेष्टेनं नाही. त्याला शब्दाचा अर्थ ठाऊक होता आणि तू तो वापरलास ह्याचं त्याला कौतुक वाटलं होतं, हे मला दाराआडूनही दिसलं. मला तो फार आवडला, आई. वर्षभर थांब म्हटलं असतं तर थांबलाही असता, असं पुढं कितीतरी दिवस वाटायचं. पण तू इतकी जिंकून आत आलीस की माझ्यानं बोलवेना. पस्तावा नाही गं. तुझा जावई भला माणूस आहे, माझा संसार सुखाचा आहे. हे पत्र तेवढं साड्यांच्या घडीखाली ठेवते. त्याचं इंग्रजी बेताचंच आहे, पण मराठी चांगलं वाचतो.