कुंड्या मीच लावल्या

झाशी, २ मार्च १९६८

उद्या पाहुणे. मुकुंद आणि त्यांची आई. ते वर पहाडात सोलनला, सरकारी फळबागेत नोकरीला. आई चिपळूणच्या. ग्वाल्हेरला कुणाच्या लग्नाला आले आहेत, तिथून इथे. म्हणजे मला बघायला.

आईने अंगण दोनदा धुतले. दुपारी शेजारच्या सक्सेना चाचींकडून फुललेल्या रोपांचे अकरा गमले मागून आणले. पँझी, फ्लॉक्स, डॉगफ्लावर. चाची म्हणाल्या, "ले जाओ बहनजी, बिटिया का काम है. बस पानी मत भूलना."

मी विचारले, हे आपले नाहीत हे सांगायचे ना? आई म्हणाली, "कुणी विचारले तर सांग. न विचारता कशाला?" म्हणजे खोटे नाही. तरी मला पटत नाही.

३ मार्च, रविवार

झाले एकदाचे.

सकाळी चाचींचे वासरू मागच्या दाराने आत शिरले. एका फ्लॉक्सचा शेंडा खाल्ला. तेव्हापासून मी सगळ्या दारांच्या कुंड्या लावून टाकल्या. पाहुणे येईपर्यंत तीनदा बघून आले, लागल्या आहेत ना.

मी चहा नेला. मुलीचे वडील म्हणून बसायचे, तर दादा पान आणायला बाहेर गेलेले. मुकुंदच्या आईंनी अंगणभर नजर फिरवली. म्हणाल्या, "कुंड्या सगळ्या तूच लावल्यास का गं?"

"हो, मीच."

"सगळ्या?"

"सगळ्या. आई विसरते, म्हणून रोज मीच बघते."

मु. म्हणाले, "कंटाळा नाही येत?"

"येतो. पण नाही लावल्या तर वासरू आत येते."

यावर ते इतके हसले की चहा बशीत सांडला. त्यांच्या आईही हसल्या. आई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, मग तिने एकदम चिवड्याची बशी पुढे केली.

हसण्यासारखे काय होते कळले नाही. कोकणात दारांना कुंड्या नसतात का?

५ मार्च

गमले परत केले. खाल्लेल्या शेंड्याबद्दल चाचींची तीनदा माफी मागितली. "अरे छोड़ो, बछड़ा भी हमारा, फूल भी हमारे."

आई आज उगाच लाडात. "वेळेला बरी बोललीस हो. मला वाटले होते, तू सगळे ओतून मोकळी होशील." काय ओतून? विचारले तर पदर खोचून आत गेली.

१५ मार्च

रंग. केसांतून अजून गुलाल निघतो आहे. उत्तर नाही. कपाळावर आठ्या होत्या का माझ्या, की मराठी ऐकून कंटाळले? आमचे मराठी त्यांना अर्धे हिंदीच वाटले असेल.

१८ मार्च

पत्र आले, दादांच्या नावे. आत दोन कागद.

त्यांच्या आईंचा: मुलगी पसंत. आजकालच्या मुलींत अशी हौस दिसत नाही. तिने लावलेल्या कुंड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आमच्याकडे सध्या सुरंगी फुलली आहे, रोज त्या फुलांचा वळेसर ओवून देवाला घालते.

दुसरा मु. यांचा, माझ्यासाठी, पण दादांनी आधी वाचावा अशा बेताने उघडाच. सोलनला अजून थंडी, जर्दाळूला आत्ता कुठे फुले येताहेत. त्यांची पँझीची रोपे पाला पडून, रात्री दव गोठून, गेली. 'तुमच्या कुंडीतले डॉगफ्लावर इतके भरगच्च कसे? खत काय घालता, जरूर कळवा.'

कुंडीतले. दोनदा वाचले. दारातले डॉगफ्लावर?

दादांना दाखवले. त्यांनी चष्मा काढला. "अगं, तिकडे गमल्याला कुंडी म्हणतात."

"आणि कुंडीला?"

"कडी."

आणि खोकला येईपर्यंत हसले. पुस्तकात हा शब्द वाचला होता की. कानाने कधी ऐकला नव्हता. आपल्या घरी कुंडी दाराला असते.

"म्हणजे मी खोटे बोलले."

"खोटे बोलायला आधी माहीत असावे लागते, शालू."

"आता माहीत आहे ना?"

मग त्यांचे हसणे थांबले.

१९ मार्च

आईचे म्हणणे सरळ: खताचे चाचींना विचार, ते लिहून टाक. बाकीचे लग्न झाल्यावर सांग, सगळे मिळून हसतील.

चाचींना विचारले. "सरसों की खली भिगोओ, खूब पतली करके दो, पंद्रह दिन में एक बार. और क्या." लिहून घेतले. उत्तर बरोबर आहे. फक्त माझे नाही.

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही: हे व्हावे असे मला वाटते. त्यांचे हसणे आवडले. पण ते ज्या मुलीला हसले, ती अकरा गमले लावणारी आणि वर विनोद करणारी. मी यातले काहीच केले नव्हते. मी दाराबद्दल बोलत होते.

२१ मार्च

दादांबरोबर नकाशा काढला. एकच बोट चिपळूणवर, झाशीवर, वर सोलनवर. तिकडे सुरंगी, इकडे फ्लॉक्स संपत आलेले, वर जर्दाळू नुकता जागा होतो आहे. आणि तिन्हीकडे मार्चच. दादा म्हणाले, एवढ्या लांब पाठवायची म्हणजे... आणि नकाशाची घडी घातली.

सहावीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवले. रोज पाटीवर पाच ओळी, दिवसात घडले ते. वाटले ते नाही, घडले ते. आज म्हटले, तुम्हीच लावलीत ही सवय.

"लावली खरी. तेव्हा तुझे लग्न व्हायचे आहे हे डोक्यात नव्हते."

२३ मार्च

चौथ्या वेळी पत्र जमले.

'तुम्ही पाहिलेले सगळे गमले शेजारच्या सक्सेना चाचींचे. आम्ही एका दिवसासाठी आणले होते. आमच्याकडे दाराच्या कडीला कुंडी म्हणतात, म्हणून मी हो म्हटले. खताचे उत्तरही चाचींचेच, पण खरे आहे: मोहरीची पेंड. मला फुले आवडतात, पण माझ्या हातून अजून काही भरगच्च झालेले नाही. हे तुमच्या आईंनाही कळवावे.'

आईने दारात उभे राहून विचारले, "माझे नाव घातलेस?"

"नाही. 'आम्ही आणले' लिहिले."

"आम्ही!" म्हणाली आणि गेली. पण संध्याकाळी तिकीट तिनेच आणून टेबलावर ठेवले.

'आम्ही' हेही अर्धे खोटेच, नाही का? राहू दे. तेवढे आईचे आईने सांगावे.

इलाइट चौकातल्या पेटीत पत्र टाकले. परत येताना वाटले, पत्ता चुकला असेल. चुकला असता तर बरे, असेही वाटले. हे घडले नाही, वाटले.

२ एप्रिल

उत्तर नाही. चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले. गौरीपुढे ठेवायला फुले मिळेनात, उन्हाने सगळे करपले. चाचींचे गमले उलटे करून भिंतीशी मांडले आहेत. त्या बी वेचत होत्या, मीही वेचायला बसले. "हमाए कहने से का होत, बिटिया," म्हणाल्या, "पर लड़का हँसता अच्छा है." आईने त्यांना काय काय सांगितले आहे देव जाणे.

११ एप्रिल

नाही. दादा पोस्टमन दिसला की वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात.

२४ एप्रिल

आले. पाकिटावर माझे नाव. दादांनी उलटसुलट करून बघितले आणि न फोडता माझ्या हातात दिले.

मु. लिहितात: 'तुमचे पत्र जसेच्या तसे आईला पाठवले. ती रागावली. तुमच्यावर की स्वतःवर, ते सांगत नाही. नुसत्या कुंड्या पाहून मी मुलगी ठरवायला निघाले, असे तिने एकदा लिहिले. काल तिचे पुन्हा पत्र आले: मुलीला हवे तर गमले म्हणू दे. पण त्या उन्हात वाढलेली, डोंगरातली थंडी सोसेल का, ते तिलाच विचार. ती खरे सांगेल. मी विचारतो आहे, पण उत्तराची थोडी भीती वाटते. वासराचे वाक्य मी इथे सगळ्यांना सांगितले होते. आता खरे काय ते सांगितल्यावर जास्त हसतात.'

आईने मला मोठ्याने वाचायला लावले. शेवटच्या ओळी मी गाळल्या. ऐकून म्हणाली, "बाई शहाणी दिसते." एवढेच. मग दुपारी आंब्याची डाळ केली, आमचे हळदीकुंकू होऊन गेले तरी.

२६ एप्रिल

उत्तर लिहायला बसले. 'सोसेल' लिहिले. खोडले. मला कुठे ठाऊक आहे? माझी थंडी म्हणजे इथला जानेवारी आणि दोन रजया. बर्फ चित्रात पाहिले आहे.

दादा म्हणाले, "सोसेल लिही गं. काय बिघडते?" दादा म्हणाले हे! मी नुसते बघितले तर वर्तमानपत्र वर केले.

आतून आई: "स्वेटर विणता येतो असे लिही."

"तो तू विणतेस."

"मग शीक! मे महिना पडलाय अख्खा."

शेवटी असे झाले: 'ठाऊक नाही. तिथे राहून पाहावे लागेल.'

पुन्हा वाचले तर कान गरम झाले. शब्द सगळे खरे आहेत, एकही काढता येत नाही. पण फार धीट तर होत नाही ना? दादांना दाखवायची लाज वाटते. पाकीट अजून चिकटवलेले नाही.